नाबाद ४४३

मार्च १९४५. मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर रणजी करंडकाचा अंतिम सामना, मुंबई विरुद्ध इंदूरचा होळकर संघ. होळकरांकडून सी. एस. नायडू लेगस्पिन टाकत होते. सामना संपला तेव्हा त्यांनी टाकलेल्या चेंडूंची संख्या झाली होती ९१७. पहिल्या डावात जवळपास ६५ षटकं, दुसऱ्यात ८८. बळी ११ आणि दिलेल्या धावा ४२८. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात इतके चेंडू जगात दुसऱ्या कुणीही टाकलेले नाहीत. लेगस्पिनला पीळ बसतो तो मुख्यतः अनामिकेच्या जोरावर, आणि चेंडूची शिवण घासून घासून त्या बोटाची कातडी निघते. दीडशे षटकांनंतर त्या बोटाची काय अवस्था झाली असेल?

सी. एस. हे नागपूरचे. कर्नल सी. के. नायडूंचे धाकटे भाऊ. वाशीमकडच्या जऊळक्यात बसून त्या दशकातल्या धावांच्या राशींबद्दल लिहायचं, तर मला सुरुवात विदर्भाच्या या माणसापासूनच करावीशी वाटली. त्या काळाचं सगळं कौतुक फलंदाजांच्या बाजूनं लिहिलं गेलं आहे, आणि ते रास्तही आहे. पण त्या धावा कुणाच्या तरी बोटांतून निघाल्या होत्या.

त्याच सामन्याचा धावफलक पाहा. मुंबई ४६२ आणि ७६४. होळकर ३६० आणि ४९२. विजय मर्चंट २७८, रूसी मोदी ९८ आणि १५१, मुश्ताक अली दोन्ही डावांत शतक. लढाईच्या निमित्ताने महूच्या छावणीत आलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला आणि चौथ्या डावात २४९ धावा काढून नाबाद राहिला. तरीही होळकर ३७४ धावांनी हरले. चार डावांत मिळून २०७८ धावा.

१९३९ ते १९४९ या दहा वर्षांत आपल्याकडे असे सामने होत राहिले, आणि त्यांतले बहुतेक पुणे, मुंबई, बडोदा या पट्ट्यात झाले. या काळावर 'पाटा खेळपट्ट्यांचा काळ' असा शिक्का मारून मोकळं होणं मला मान्य नाही. खेळपट्ट्या फलंदाजांच्या बाजूच्या होत्या, यात शंका नाही. पण पाटा खेळपट्ट्या नंतरही होत्या, आजही आहेत, तरी असे आकडे क्वचितच दिसतात. कारणं आणखीही होती.

पहिलं कारण सामन्याच्या रचनेत होतं. रणजीचे सामने तेव्हा बाद पद्धतीचे. हरलात की हंगाम संपला. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात ज्याची आघाडी तो पुढे जाणार. अशा व्यवस्थेत शहाणा कर्णधार डाव घोषित करत नाही. तो प्रतिस्पर्ध्याला मैदानात उभा ठेवतो, दमवतो, आणि आपली धावसंख्या आवाक्याबाहेर गेल्याशिवाय बॅट खाली ठेवत नाही. वरच्या फेऱ्यांचे सामने तर निकाल लागेपर्यंत चालत, मग सहा दिवस लागोत की सात.

दुसरं कारण महायुद्ध. भारत १९३६ मध्ये इंग्लंडमध्ये कसोटी खेळला, त्यानंतरची कसोटी थेट १९४६ मध्ये. दहा वर्षं एकही कसोटी नाही. मर्चंट, हजारे, मुश्ताक अली, मोदी यांची भरातली वर्षं देशातच गेली. इंग्लंड-ऑस्ट्रेलियात क्रिकेट थंडावलं होतं तेव्हा इथे ते जोरात चालू होतं. नाव करायचं तर रणजी आणि मुंबईची पंचरंगी स्पर्धा, एवढ्याच दोन जागा. ज्यांना लॉर्ड्सवर शतक काढायचं होतं त्यांनी ते पुण्यात काढलं, आणि तिथे थांबवणारं कुणी नव्हतं म्हणून त्याचं द्विशतक, त्रिशतक केलं.

आणि तिसरं, संस्थानिक. इंदूरचे होळकर, बडोद्याचे गायकवाड, देवासचे पवार यांनी खेळाडूंना पदरी ठेवलं, फौजेत हुद्दे दिले, पगार दिले. सी. के. नायडू १९२३ मध्येच नागपूर सोडून इंदूरला गेले, ते होळकरांच्या बोलावण्यावरून. तीन वर्षांनी, डिसेंबर १९२६ मध्ये, मुंबई जिमखान्यावर एम.सी.सी.विरुद्ध अकरा षटकार मारून १५३ धावा काढणारे सी. के. तेव्हा इंदूरकर झालेले होते. आमचा वाशीम त्या काळी अकोला जिल्ह्यात होता आणि सगळा मुलूख 'मध्य प्रांत व वऱ्हाड' या सरकारी नावाखाली. त्या नावाचा संघ रणजी खेळायचा. कापूस पिकवणाऱ्या या भागात पैसा होता, खेळाडूही होते. पण दरबार नव्हता. खेळाडूला वर्षभर पोसणारा धनी नसेल तर तो नोकरीच्या मागे जातो, नाहीतर गाडी पकडून इंदूरला जातो. नायडू बंधूंनी दुसरी वाट धरली, आणि वऱ्हाडात त्यांच्या तोडीचं क्रिकेट उभं राहायला पुढे फार वर्षं जावी लागली.

दशकाची सुरुवात पुण्यात झाली. १९३९-४० च्या हंगामात महाराष्ट्राकडून खेळताना विजय हजारे यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या. भारतीय फलंदाजाचं प्रथम श्रेणीतलं हे पहिलं त्रिशतक. हजारे सांगलीचे, मराठी ख्रिस्ती कुटुंबातले, अतिशय अबोल. देवासच्या महाराजांच्या सेवेत असताना ऑस्ट्रेलियाच्या क्लॅरी ग्रिमेटकडून शिकायची संधी त्यांना मिळाली होती. त्या डावात नवव्या गड्यासाठी नगरवालांबरोबर त्यांनी २४५ धावांची भागी केली. शेपटातल्या माणसाला एका टोकाला उभं करून दुसऱ्या टोकानं धावा काढायच्या, ही हजाऱ्यांची हातोटी तेव्हापासूनची.

महाराष्ट्राचे कर्णधार होते प्राध्यापक दि. ब. देवधर. पुण्याच्या एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवणारा हा माणूस नोव्हेंबर १९४० मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मुंबईविरुद्ध २४६ धावा काढून गेला. महाराष्ट्र ६७५, मुंबई ६५०. २५ धावांच्या त्या आघाडीवर महाराष्ट्र पुढे गेला आणि सलग दुसऱ्यांदा रणजी करंडक पुण्यात आला. दिवसभर वर्गात उभं राहणाऱ्याचे पाय अठ्ठेचाळिशीत इतके चालावेत, याचं मला आजही नवल वाटतं. पुढे बावन्नाव्या वर्षी त्यांनी नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात दोन शतकं काढली.

पण त्या दशकातली सर्वांत चुरशीची धावाधाव झाली ती मुंबईत, पंचरंगी स्पर्धेत. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि उरलेल्यांचा 'रेस्ट' असे धर्माच्या नावावर संघ. महात्मा गांधींनी १९४० मध्ये या स्पर्धेबद्दल नापसंती व्यक्त केली, त्या वर्षी हिंदू जिमखान्याने संघ उतरवला नाही, आणि १९४६ नंतर स्पर्धा बंदच पडली. ती बंद पडली हे योग्यच झालं. धर्माप्रमाणे वाटलेली गर्दी आणि त्याच धर्माप्रमाणे वाटलेले अकरा जण हे त्या वर्षांत आगीशी खेळणं होतं. तरीही त्या मैदानावर दोन माणसांमध्ये जी स्पर्धा लागली तिला धर्माचं नाव देता येत नाही.

स्पर्धेतला सर्वोच्च धावांचा विक्रम मर्चंट यांच्या नावावर होता, नाबाद २४३. १९४३-४४ च्या हंगामात हजारे 'रेस्ट'कडून मुसलमानांविरुद्ध उतरले आणि २४८ करून गेले. विक्रम हजाऱ्यांचा झाला. मग अंतिम सामना हिंदू विरुद्ध रेस्ट. मर्चंट यांनी नाबाद २५० केल्या आणि हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला. विक्रम परत मर्चंटकडे. रेस्टचा पहिला डाव १३३ मध्ये आटोपला आणि फॉलोऑन मिळाला. दुसऱ्या डावातही एकामागून एक माणसं परतत होती. तेव्हा हजाऱ्यांच्या जोडीला आला त्यांचा भाऊ विवेक. विवेकने तासन् तास एकच काम केलं, बाद न होण्याचं. दोघांच्या भागीत ३०० धावा झाल्या आणि विवेकच्या वाट्याच्या होत्या २१. रेस्टचा डाव ३८७ वर संपला. त्यातल्या ३०९ एकट्या विजय हजाऱ्यांच्या. शंभरातल्या जवळजवळ ऐंशी धावा एका माणसाच्या. सामना रेस्ट एक डाव आणि ६१ धावांनी हरले, पण पूर्ण झालेल्या डावात एका फलंदाजाच्या वाट्याचं हे प्रमाण १९७७ पर्यंत जगात कुणी ओलांडलं नाही.

मला त्या ३०९ इतकंच विवेकच्या २१ धावांचं मोल वाटतं. मोठ्या धावसंख्येला एक धारकरी लागतो आणि एक वारकरी. धावफलकावर दुसऱ्याचं नाव बारीक अक्षरात राहतं एवढंच.

मर्चंट यांनी याला उत्तर दिलं त्याच हंगामात. मुंबईकडून महाराष्ट्राविरुद्ध, ब्रेबॉर्नवरच, नाबाद ३५९. सहाव्या गड्यासाठी मोदींबरोबर ३७१ ची भागी. भारतीय फलंदाजाचा सर्वोच्च धावांचा विक्रम आता मर्चंट यांच्याकडे आला. मर्चंट यांची फलंदाजी म्हणजे हिशेबाची वही. फटका हवेत नाही, शतक झालं की पुन्हा शून्यापासून मोजायचं. मुंबईच्या ज्या 'खडूस' फलंदाजीचा नंतर एवढा बोलबाला झाला, तिचं मूळ इथे आहे. पुढच्या हंगामात रूसी मोदींनी रणजीत १००८ धावा केल्या. एका रणजी हंगामात हजार धावा पूर्ण करणारे ते पहिले. सात डाव, दोनदा नाबाद, सरासरी २०१.६०.

मार्च १९४७ मध्ये बडोद्यात अंतिम सामन्यात पुन्हा होळकर हरले, आणि या वेळी हजारे बडोद्याकडे होते. ३ बाद ९१ वर ते आणि लाहोरचे गुल महंमद एकत्र आले ते ५७७ धावा होईपर्यंत सुटले नाहीत. गुल महंमद ३१९, हजारे २८८. कुठल्याही गड्यासाठी जगातली ही सर्वांत मोठी भागी ठरली आणि २००६ पर्यंत तशीच राहिली. देश पाच महिन्यांत दुभंगणार होता. सांगलीचा ख्रिस्ती आणि लाहोरचा मुसलमान गायकवाडांच्या संघातून एका दमात खेळत राहिले, आणि गुल महंमद पुढे पाकिस्तानकडूनही कसोटी खेळले.

आता भाऊसाहेब निंबाळकर.

कोल्हापूरचे. जन्म १२ डिसेंबर १९१९. उजव्या हाताचे फलंदाज, गरज पडली तर मध्यमगती गोलंदाज, कधी यष्टिरक्षकही. कारकिर्दीत बडोदा, होळकर, महाराष्ट्र, राजस्थान, रेल्वे अशा संघांतून खेळले. १९४५-४६ मध्ये होळकरांनी म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ केल्या, एका डावात सहा जणांची शतकं, त्यांत सर्वाधिक १७२ निंबाळकरांच्या. म्हणजे १९४८ मध्ये पुण्यात ते उतरले तेव्हा नवखे नव्हते. नऊ हंगाम पाठीशी होते आणि वय एकोणतीस.

डिसेंबर १९४८. पूना क्लबचं मैदान. महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. काठियावाडचा डाव २३८ वर आटोपला. महाराष्ट्राचा पहिला गडी गेल्यावर निंबाळकर आले आणि कमल भांडारकरांबरोबर दुसऱ्या गड्यासाठी त्यांनी ४५५ धावा जोडल्या. भांडारकर २०५ वर गेले, निंबाळकर राहिले. हे भांडारकरही होळकरांच्या त्या ९१२ मधले एक शतकवीर, म्हणजे दोघांना एकमेकांच्या धावण्याची सवय होती. द्विशतक झालं, त्रिशतक झालं, मर्चंट यांचे ३५९ मागे पडले, ४०० ओलांडल्या. आठ तासांहून थोडा अधिक वेळ ते खेळपट्टीवर होते: ४९४ मिनिटं, ४९ चौकार, एक षटकार. षटकाराचा तो एकच आकडा पुरेसं सांगतो. साडेचारशेच्या घरात गेलेला हा डाव जमिनीलगत खेळला गेला.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीला महाराष्ट्र ४ बाद ८२६, निंबाळकर नाबाद ४४३. जगातला विक्रम तेव्हा डॉन ब्रॅडमनच्या नावावर होता, नाबाद ४५२, जानेवारी १९३० मध्ये सिडनीला क्वीन्सलंडविरुद्ध केलेला. बरोबरीला नऊ धावा हव्या होत्या, मोडायला दहा. सुट्टीनंतरची दोन-चार षटकं.

काठियावाडचे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब होते. त्यांनी महाराष्ट्राचे कर्णधार राजा गोखले यांना कळवलं की डाव घोषित करा, नाहीतर आम्ही निघालो. विक्रम आपल्या संघाविरुद्ध नोंदला जाणं त्यांना नको होतं. आणखी दोन षटकं द्या अशी गोखल्यांनी विनवणी केल्याचं सांगतात. ठाकोरसाहेब बधले नाहीत. संघाने सामान बांधलं आणि स्टेशन गाठलं. सामना महाराष्ट्राला बहाल झाला. निंबाळकर पॅड बांधून तयार, आणि गोलंदाजी करायला समोर कुणी नाही.

या प्रसंगावर आजवर बरंच बोललं गेलंय. काहीजण ठाकोरसाहेबांची बाजू घेतात: आठशे धावा झाल्यावर सामन्यात काय उरलं होतं, डाव आधीच घोषित करायला हवा होता. बोटं सोलून घेतलेल्या गोलंदाजांचं दुःख मी नाकारत नाही. त्याच दुःखापासून हा लेख सुरू केला आहे. पण सी. एस. नायडूंनी ८८ वं षटक टाकलं आणि मग मैदान सोडलं. खेळात हरण्याची लाज नसते, अर्ध्यावर उठून जाण्याची असते. ठाकोरसाहेबांना नाव खराब होण्याची भीती होती, आणि आज काठियावाडच्या त्या संघाची आठवण निघते ती केवळ निघून जाण्यावरून. क्वीन्सलंडचा ब्रॅडमनविरुद्ध खेळलेला संघ कुणी चेष्टेने आठवत नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक लागते. त्याच महिन्यात वेस्ट इंडिजचा संघ भारतात होता. स्वतंत्र भारताच्या भूमीवरची पहिली कसोटी मालिका चालू होती. दुसरी कसोटी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईत संपली, तिसरी वर्षअखेरीस कलकत्त्यात सुरू व्हायची होती, आणि या दोन्हींच्या मध्ये पुण्यात एक माणूस ४४३ करून बसला होता. निंबाळकरांना बोलावणं आलं नाही. त्या मालिकेत नाही आणि नंतरही नाही. एका अनधिकृत कसोटीत कॉमनवेल्थ संघाविरुद्ध ते खेळले, तेवढंच.

निवड समितीचा युक्तिवाद काय असू शकतो हे मला कळतं. मधल्या फळीत हजारे, मोदी, अमरनाथ, अधिकारी, फडकर होते, आणि काठियावाडची गोलंदाजी दुबळी होती. मोदी-हजाऱ्यांची निवड चुकली असंही कुणी म्हणणार नाही. त्या मालिकेच्या शेवटच्या कसोटीत मुंबईत ३६१ चा पाठलाग करताना हजाऱ्यांनी १२२ आणि मोदींनी ८६ केल्या, आणि भारत ८ बाद ३५५ वर, विजयापासून सहा धावा दूर थांबला. पण निंबाळकरांच्या पदरी एकच डाव नव्हता. ८० प्रथम श्रेणी सामने, ४८४१ धावा, सरासरी ४७.९३, बारा शतकं. संपूर्ण कारकिर्दीत एक तरी कसोटी द्यायला हे नक्कीच पुरेसं होतं. कसोटी न खेळलेल्या माणसाचा जगातला सर्वोच्च डाव आजही त्यांच्याच नावावर आहे.

पुण्याने त्या हंगामात आणखी एक पराक्रम पाहिला. मार्च १९४९, उपांत्य सामना, महाराष्ट्र विरुद्ध मुंबई. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४, महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. नऊ शतकं. माधव मंत्री २००, फडकर दोन्ही डावांत, उदय मर्चंट दोन्ही डावांत, महाराष्ट्राच्या रेगे यांनी दोन्ही डावांत. एकूण २३७६ धावा, प्रथम श्रेणीच्या कुठल्याही सामन्यातला सर्वाधिक आकडा. चौथ्या डावात ६०४ करून महाराष्ट्र ३५४ धावांनी हरला! त्या दशकाच्या अशा महाकाय सामन्यांची ही परिसीमा. पुढे संस्थानं विलीन झाली, होळकरांचा संघ गेला, परदेशी दौरे नियमित झाले, सामन्यांना दिवसांची मर्यादा आली.

हजारे, मर्चंट, सी. के. नायडू यांच्या नावे क्रिकेट मंडळाच्या देशव्यापी स्पर्धा आहेत, देवधरांच्या नावेही होती. विदर्भातली पोरं सोयाबीनची सोंगणी झालेल्या वावरात टेनिस बॉलवर खेळताना 'विजय हजारे ट्रॉफी' हे शब्द सहज बोलतात. भाऊसाहेबांच्या नावे अशी स्पर्धा नाही. त्यांना २००२ चा सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार मिळाला. त्याआधी हा मान मिळालेले सगळे क्रिकेटपटू कसोटी खेळलेले होते. ११ डिसेंबर २०१२ रोजी, त्र्याण्णव पूर्ण व्हायला एक दिवस असताना, ते गेले.

नायडूंच्या प्रांताचंही नंतर भलं झालं. विदर्भाने पहिला रणजी करंडक जिंकला तो १ जानेवारी २०१८ रोजी, इंदूरच्या होळकर स्टेडियमवर. त्यानंतर मार्चमध्ये इराणी करंडकात नागपूरला वसीम जाफरने चाळिशीत २८६ केल्या आणि विदर्भाने ७ बाद ८०० वर डाव सोडला. प्रतिस्पर्धी उठून गेले नाहीत.

रणजीत १९४८ नंतर त्रिशतकं पुष्कळ झाली. संजय मांजरेकरने १९९१ मध्ये मुंबईकडून हैदराबादविरुद्ध ३७७ केल्या, जानेवारी २०२३ मध्ये पृथ्वी शॉने गुवाहाटीत आसामविरुद्ध ३७९. हा तोच पृथ्वी शॉ, ज्याने शाळकरी वयात हॅरिस शील्डमध्ये ५४६ केल्या होत्या. त्या दिवशी चारशे गाठणार असं वाटत असतानाच रियान परागच्या गोलंदाजीवर तो पायचीत झाला, निंबाळकरांपासून ६४ धावा दूर.